ओढ्याने विभागलेले गाव



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता, फार तर नवे कामगार कायदे यांवर बोलणार, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. चालकांनीही तसेच सुचवले होते. मी त्यांना कळवले की, मला एका खेड्याविषयी बोलू द्या. ते खेडे जर्मनीत आहे, आणि या मंडपातल्या पुढच्या तीन-चार रांगांत जितकी माणसे बसली आहेत, तितकीच काय ती त्याची लोकवस्ती आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे, आणि ते गाव मी डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. परंतु ज्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो, तो प्रश्न त्या गावात जितका उघडा पडलेला दिसतो, तितका मला दुसरीकडे क्वचितच दिसला. म्हणून हा खटाटोप.

गावाचे नाव मोडलारॉइट. जर्मन उच्चार याहून थोडा निराळा आहे, पण आपल्या जिभेला इतके पुरे. यातला शेवटचा 'रॉइट' हा भाग महत्त्वाचा. जंगल तोडून, मुळे खणून, मोकळी केलेली जमीन असा त्याचा अर्थ. त्या मुलखात या शेवटाची गावे पुष्कळ आहेत. संगीतामुळे जगभर गाजलेले बायरॉइट हे शहर त्यांतलेच. म्हणजे गावाच्या नावातच कोणाच्या तरी श्रमाची नोंद आहे. कुऱ्हाड चालवणाऱ्याचे नाव राहिले नाही, ही गोष्ट निराळी.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. बव्हेरिया या मोठ्या प्रांताचा ईशान्य कोपरा, थुरिंगियाचा आग्नेय कोपरा आणि सॅक्सनी, हे तीन प्रांत जेथे एकमेकांना भिडतात आणि चेक देशाची सरहद्दही फार दूर नसते, तो हा प्रदेश. त्याला फोग्टलांड म्हणतात. 'फोग्ट' म्हणजे सम्राटाचा कारभारी. मध्ययुगात हे कारभारी येथे नेमले गेले आणि कारभारी जेथे तेथे करतात तेच त्यांनी येथे केले: हळूहळू मालक होऊन बसले. भूमी उंचसखल, डोंगराळ, हिवाळा कडक. इतका की, बव्हेरियातले लोक आपल्या या कोपऱ्याला थट्टेने 'बव्हेरियाचा सैबेरिया' म्हणतात. राय, बटाटा, गाईगुरे आणि सूचिपर्णी वृक्षांची राने, एवढ्यावर पोट भरणे कठीण. म्हणून या मुलखातला शेतकरी पूर्वीपासून हातमाग चालवीत आला. पुढे गिरण्या आल्या. दक्षिणेला होफ हे सूतगिरण्यांचे आणि विणकामाचे शहर झाले, तर पूर्वेला प्लाउएन हे लेसच्या कामासाठी नावाजले. प्लाउएनच्या लेसला १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. आपल्याकडे गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेली जी मंडळी येथे बसली आहेत, त्यांना या प्रदेशाची जातकुळी ओळखायला वेळ लागणार नाही.

मोडलारॉइटच्या मधून एक ओढा वाहतो. त्याचे नाव टानबाख. 'टान' म्हणजे देवदाराच्या जातीचे झाड, 'बाख' म्हणजे ओढा. पाणी पुढे एल्बे नदीच्या खोऱ्यात जाते. ओढा म्हणजे तरी किती? एखादे धीट पोर उडी मारून पलीकडे जाईल इतकाच. या ओढ्यावर एक जग आणि दुसरे जग अलग केले जाईल, असे त्याच्या काठी गुरे पाजणाऱ्या माणसाला कोणी सांगितले असते, तर त्याने सांगणाऱ्याच्या डोक्याला थंड पाणी लावले असते.

सरहद्द मात्र जुनी आहे. १८१० साली बायरॉइटचा मुलूख नेपोलियनकडून बव्हेरियाच्या राजाने पैसे मोजून घेतला. त्या व्यवहारानंतर हद्दी नव्याने मोजल्या गेल्या, आणि टानबाख ओढा ही बव्हेरियाचे राज्य आणि रॉइस घराण्याचे छोटे संस्थान यांची सीमा ठरली. काठाने दगड पुरले गेले. एका बाजूला बव्हेरियाची अक्षरे, दुसऱ्या बाजूला रॉइसची. या रॉइस घराण्याविषयी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिश ठेवण्याची रीत. प्रत्येक मुलाचे! ओळखायचे कसे, तर आकड्यांनी. धाकट्या पातीत शतक बदलले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. कारखान्यात कामगाराला नावाऐवजी बिल्ल्याच्या नंबराने हाक मारतात म्हणून आपण तक्रार करतो. येथे राजपुत्रांनीच आपखुषीने नंबर लावून घेतले होते.

या सीमेने गावाचे काय बिघडवले? काही नाही. ओढ्याच्या दक्षिणेचे शेतकरी बव्हेरियाला सारा भरीत, उत्तरेचे रॉइसला. शाळा उत्तरेला होती, दोन्ही काठांची पोरे त्याच शाळेत जात. गुत्ताही उत्तरेलाच होता, त्यामुळे संध्याकाळी दक्षिणेची मंडळी ओढा ओलांडून येत. देवळाची वाट उलटी: चर्च दक्षिणेला टोपेन गावात, म्हणून रविवारी उत्तरेची मंडळी बव्हेरियात जात. लग्ने अलीकडची पलीकडे होत. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, छोटी संस्थाने मिळून १९२० साली थुरिंगिया प्रांत झाला. ओढा बव्हेरिया आणि थुरिंगिया यांची सीमा म्हणून राहिला आणि गाव पूर्वीसारखेच चालले. सीमा ही नेहमीच पापी असते असे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सव्वाशे वर्षे ती नांदली, कारण तिने कोणाची वाट अडवली नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पाडाव होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९४४ मध्ये, दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये बसून जर्मनीचे विभाग आखले. नवी रेघ ओढण्याऐवजी त्यांनी प्रांतांच्या जुन्याच हद्दी वापरल्या. थुरिंगिया सोव्हिएत विभागात, बव्हेरिया अमेरिकन विभागात. लंडनच्या त्या टेबलाभोवती बसलेल्यांना टानबाख ओढ्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जुलै १९४५ मध्ये अमेरिकन फौजा थुरिंगियातून निघाल्या आणि सोव्हिएत फौजा आल्या. १९४९ मध्ये दोन जर्मन राज्ये उभी राहिली, आणि सुमारे पन्नास माणसांचे हे गाव दोन राष्ट्रांत वाटले गेले. तरीही पहिली काही वर्षे परवाना दाखवून ओढा ओलांडता येई. शेत पलीकडे असणाऱ्याला नांगर घेऊन जाता येई.

२६ मे १९५२ ला पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमेचा नवा हुकूम काढला. सीमेलगत दहा मीटरांचा पट्टा नांगरून साफ ठेवायचा, त्यात पाऊल टाकणाऱ्याचा ठसा उमटला पाहिजे. त्यामागे पाचशे मीटरांचा संरक्षित पट्टा. त्यामागे पाच किलोमीटरांचा निर्बंधित प्रदेश, तेथे राहणाऱ्याच्या ओळखपत्रावर शिक्का हवा आणि बाहेरच्याला परवाना हवा. मोडलारॉइटचे उत्तर अंग पुरतेच्या पुरते या पाचशे मीटरांत आले. गावात प्रथम लाकडी फळ्यांचे कुंपण आले. समोरच्या दारातली बहीण दिसू नये, इतके उंच.

त्याच वर्षी जूनमध्ये संपूर्ण सीमेवर 'अविश्वासू' ठरवलेल्या कुटुंबांना घरे सोडायला लावली गेली. काही तासांची मुदत, एक गाडी, जमेल ते सामान, आणि आतल्या भागात कोठे तरी रवानगी. १९६१ मध्ये असाच दुसरा फेरा झाला. दोन्ही मिळून अकरा-बारा हजार माणसे उठवली गेली. पहिल्या मोहिमेला अधिकाऱ्यांनी आपसात जे नाव दिले होते त्याचा अर्थ 'कीड', 'उपद्रवी किडामुंगी' असा होतो. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्याने शेतकऱ्यांना हे नाव द्यावे! मंडळी, शब्द हे कारभाराचे आरसे असतात. मालकाने कामगाराला 'हात' म्हटले की पुढचे सर्व कळते. सरकारने रयतेला 'कीड' म्हटले की त्याहूनही पुढचे कळते.

कुंपणाच्या जागी काटेरी तारा आल्या, आणि १९६६ साली काँक्रिटची भिंत आली: सातशे मीटर लांब, सुमारे ३.३ मीटर उंच. रात्री प्रकाशझोत, पहाऱ्याचे मनोरे, कुत्री. अमेरिकन सैनिकांनी गावाला 'छोटे बर्लिन' असे नाव दिले. उत्तरेच्या माणसाने दक्षिणेच्या माणसाला हाक मारायची नाही, हातही हलवायचा नाही, असा दंडक होता. दक्षिणेचे हात हलवीत. उत्तरेचे पाहत आणि मान खाली घालून आपापल्या कामाला लागत. नात्यातले कोणी वारले तर निरोप शंभर हातांवरच्या घरी पोहोचायला मोठा वळसा घ्यावा लागे. दक्षिणेच्या चढावर बसगाड्या भरभरून पाहुणे येत आणि भिंतीपलीकडची घरे न्याहाळीत. ५ फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश येऊन गेले. पुढाऱ्यांना भिंतीसमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणे आवडते. मग ती भिंत स्वतःच्या अंगणातली असो वा दुसऱ्याच्या. या भिंतीवरून पार जाणे एकाला साधले. १९७३ च्या मे महिन्यात, सीमाभागात गाडी नेण्याचा परवाना असलेल्या एका वाहनचालकाने शिडी लावली आणि तो पलीकडे उतरला.

आता मूळ मुद्दा. बर्लिनची भिंत पडली तेव्हा मी विशीच्या उंबरठ्यावर होतो आणि युनियनच्या कचेरीत पत्रके वाटण्याचे, सतरंज्या घालण्याचे काम करीत होतो. तेथे दोन तट पडले. काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणत की, ती भिंत हेर आणि घातपाती यांना बाहेर ठेवण्यासाठी होती. आमच्यातला एक बांधकामाचा मिस्त्री होता, अक्षरओळख जेमतेम. तो म्हणाला, 'भिंत कशासाठी आहे ते बांधणीवरून सांगता येते. मला नुसता नकाशा दाखवा.' त्याला तेव्हा नकाशा मिळाला नाही. मी पुढे वाचले ते असे आहे. जर्मन सीमेवर वाहने अडवण्यासाठी जो चर खणला होता, त्याची पूर्वेकडची बाजू उतरती ठेवली होती आणि पश्चिमेकडची बाजू काँक्रिट लावून उभी केली होती. पश्चिमेहून येणारी गाडी चरात पडून पूर्वेच्या उतारावरून चढून जाईल. पूर्वेहून निघालेली गाडी उभ्या भिंतीवर आपटेल. मिस्त्रीला एवढे पुरले असते.

पण लोक निघत का होते? १९४९ पासून ऑगस्ट १९६१ पर्यंत सुमारे सत्तावीस लाख माणसे पूर्व जर्मनी सोडून गेली. ही सगळी जमीनदारांची मुले नव्हती. त्यांत फिटर होते, गवंडी होते, परिचारिका होत्या. याचे उत्तर शोधताना मला १९५३ चा जून महिना सगळ्यांत बोलका वाटतो. त्या वर्षी मे अखेरीस सरकारने कामाची प्रमाणे किमान दहा टक्क्यांनी वाढवण्याचा हुकूम काढला. 'प्रमाण' म्हणजे काय, हे अंगावर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. काल जितक्या विटा रचल्यावर पूर्ण मजुरी पडत होती, तितक्याच विटा रचल्यावर आज कमी पडणार. मजुरीच्या दराला हात लावलेला नाही, फक्त काम वाढवले आहे, असे वर सांगायचे. पृथ्वीच्या पाठीवर मालक या एका युक्तीला कधी विटलेला नाही. येथे मालक सरकार होते.

आता कामगाराने कोठे जावे? युनियनकडे. १६ जून १९५३ ला सकाळी कामगार संघटनेच्या मध्यवर्ती मुखपत्रात लेख आला. तो वाढीव प्रमाणांचे समर्थन करणारा होता. संघटनेच्याच एका चिटणिसाचा! बर्लिनच्या स्टालिन मार्गावर इमारती बांधणारे गवंडी तो लेख वाचून अवजारे खाली ठेवून निघाले. त्या दिवशी दुपारी सरकारने हुकूम मागे घेतला, पण गाडी सुटली होती. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, सातशेहून अधिक गावांत आणि शहरांत संप आणि निदर्शने झाली. सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. पन्नासहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

मी तीस वर्षे युनियनचे काम केले आहे. कामगाराच्या हातात शेवटी किती हत्यारे असतात? दोन. एक, काम थांबवणे. दुसरे, काम सोडून जाणे. पहिले संघटितांचे, दुसरे एकट्यादुकट्याचे. बाकीचे सारे, वाटाघाटी, अर्ज, मोर्चे, कोर्ट, ही या दोहोंच्या बळावर चालतात. उद्या हा उठून जाऊ शकतो किंवा सगळे मिळून बसू शकतात, हे समोरच्याला ठाऊक असते म्हणून तो खुर्ची देतो. पूर्व जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत हे दोन्ही हक्क लिहिलेले होते. चौदाव्या कलमात संघटनांचा संपाचा हक्क, दहाव्या कलमात नागरिकाचा देश सोडून जाण्याचा हक्क. १९६८ साली नवी घटना झाली. तिच्यात हे दोन्ही हक्क नाहीत. दोन्ही एकदमच गेले. मोडलारॉइटच्या भिंतीला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

कोणी म्हणेल, त्या राज्यात बेकारी नव्हती, घरभाडे नाममात्र होते, गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या मुलाला पाळणाघर होते. होते. हे मी मुळीच नाकारीत नाही. पाळणाघरासाठी आमच्या बायांनी येथे किती खेटे घातले आहेत ते मला ठाऊक आहे. पण पाळणाघर देणारा आणि बाहेरून कडी घालणारा हात एकच असला, म्हणजे त्या देण्याला काय म्हणावे? आणि कामगार संघटनेची सभासदसंख्या म्हणाल, तर ऐंशीच्या दशकात ती शहाण्णव लाखांच्या घरात होती. देशातले जवळजवळ सगळे कामकरी! आम्हांला येथे एका कारखान्यात शंभरातले साठ जमवताना धाप लागते. परंतु १९८९ च्या शरद ऋतूत ते राज्य कोसळू लागले, तेव्हा या शहाण्णव लाखांची संघटना कोठे दिसली नाही. तिचे अध्यक्ष हॅरी टिश यांना नोव्हेंबरमध्ये पद सोडावे लागले, डिसेंबरमध्ये अटक झाली आणि पुढे १९९१ मध्ये संघटनेच्या पैशांच्या गैरवापराबद्दल शिक्षा झाली. १९९० च्या सप्टेंबरात संघटनाच विसर्जित झाली. वर्गणी वेळेवर येते यावरून संघटनेची प्रकृती ओळखू नये.

त्या शरद ऋतूत या फोग्टलांडाने मोठे काम केले, आणि बर्लिनच्या गडबडीत ते झाकले गेले आहे. प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आश्रय घेतलेल्या हजारो माणसांना घेऊन आगगाड्या १ ऑक्टोबर १९८९ ला होफच्या स्थानकात आल्या. त्या पूर्व जर्मनीतून, याच मुलखातून धावत आल्या होत्या. गाडीतल्यांना आणि फलाटावरच्यांना काय वाटले असेल ते पाहा. त्यानंतर आठवड्याभरात, ७ ऑक्टोबरला, राज्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, प्लाउएनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. ज्या पत्रकाने त्यांना बोलावले ते अवजारे घडवणाऱ्या एका तरुण कामगाराने टंकलेखन यंत्रावर, कागद-कार्बन घालून, थोड्या थोड्या प्रती काढीत तयार केले होते. ज्यांनी स्टेन्सिल कापून पत्रके काढली आहेत, त्या आमच्या पिढीला हे वाचताना बोटांना शाई लागल्यासारखे वाटते.

९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. मोडलारॉइटची उघडली नाही. आणखी एक महिना गेला. आता प्रवासाची बंदी नव्हती, पण समोरच्या घरी जायचे तर दूरच्या नाक्यावरून वळसा घालून जायचे. अखेर ९ डिसेंबरला भिंतीत पायवाटेपुरते दार झाले. सदतीस वर्षांनंतर गावाच्या दोन्ही अंगांची माणसे ओढा ओलांडून भेटली. पुढल्या वर्षी १७ जूनला यंत्र लावून भिंत पाडली. दिवस पाहा: १७ जून, गवंड्यांच्या संपाचा. भिंतीचा सुमारे शंभर मीटरांचा तुकडा मुद्दाम ठेवला आहे. ३ सप्टेंबर १९९० ला तेथे संग्रहालयाची स्थापना झाली. कुंपणाचे नमुने, मनोरे, गस्तीच्या गाड्या, सारे आहे.

येथे बहुतेक लेखक गोष्ट संपवतात. मिठ्या मारल्या, डोळे पुसले, पडदा. मला तसे करता येत नाही, कारण माझे अशील तर यानंतरच अडचणीत आले. १ जुलै १९९० ला दोन्ही जर्मनींचे चलन एक झाले. पूर्वेच्या मजुरीचा एक मार्क म्हणजे पश्चिमेचा एक मार्क, असा हिशेब धरला गेला. कामगाराला आनंद झाला, आणि का होऊ नये? परंतु पूर्वेच्या कारखान्यांचा माल रातोरात महाग झाला, पूर्व युरोपातली गिऱ्हाइके तुटली. सरकारी मालकीचे सुमारे साडेआठ हजार कारखाने आणि उद्योग, त्यांत काम करणारी सुमारे चाळीस लाख माणसे, हे सर्व एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात देऊन विकायला काढले. १९९४ अखेर ते काम आटोपलेसुद्धा. किती विकले, किती मोडले, किती कुलूप लावून ठेवले, याची कहाणी स्वतंत्र व्याख्यानाची आहे. आपल्याकडे गिरण्या बंद पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती वाटेत कोठूनही उचलून ऐकता येईल.

दक्षिण तीरावर सोने पिकत होते असेही नव्हे. होफच्या बाजूच्या सूतगिरण्या आणि चिनी मातीची भांडी बनवणारे कारखाने पूर्वीपासूनच माघारी चालले होते. पश्चिम जर्मन सरकार सीमेलगतच्या पट्ट्याला मदत देत असे, १९७१ मध्ये तसा कायदाच केला होता. भिंत गेली तसे त्या मदतीचे कारणही गेले. आणि उत्तरेची माणसे कामासाठी दक्षिणेला येऊ लागली. तरुण माणूस मजुरी जिकडे जास्त तिकडे जाणार. त्याला दोष कोण देईल? जाण्याचा हक्क परत मिळाला, तो त्याने वापरला. गावे मात्र ओस पडली.

मजुरीतला भेद किती चिवट असतो, त्याचा एक दाखला देतो. पश्चिमेच्या धातुउद्योगात १९९५ पासून आठवड्याचे ३५ तास काम आहे. पूर्वेत ३८. तेच यंत्र, तीच मोटार, तीच कंपनी. पण आठवड्याला तीन तास जादा. जून २००३ मध्ये पूर्वेच्या धातुकामगारांनी ३५ तासांसाठी संप केला. पूर्वेतून येणारे सुटे भाग थांबल्यामुळे पश्चिमेतले मोटारींचे कारखाने अडू लागले. तेव्हा पश्चिमेतल्याच काही कामगार-प्रतिनिधींनी संप आवरता घ्या असा सूर काढला. महिनाअखेर संप फसला आणि मागे घ्यावा लागला. काँक्रिटची भिंत पाडायला यंत्र होते. या दुसऱ्या भिंतीला दोन्ही बाजूंनी कामगारच टेकू देत होते, हे पाहून माझ्यासारख्याला वाईट वाटते, आणि मी ते येथे बोलून दाखवतो. २०२१ नंतर काही कारखान्यांत तास टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे करार झाले आहेत. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा पूर्व-पश्चिम हिशेब एक व्हायला जुलै २०२३ उजाडावा लागला. म्हणजे भिंत पाडल्यावर तेहतीस वर्षे. सातशे मीटर काँक्रिट त्या मानाने फारच लवकर गेले.

आणि गाव? गाव आजही दोन प्रांतांतच आहे. उत्तर अंग थुरिंगियातल्या गेफेल नगराच्या हद्दीत, दक्षिण अंग बव्हेरियातल्या टोपेनच्या हद्दीत. दोन नगराध्यक्ष, दोन पिनकोड, दूरध्वनीचे दोन निराळे क्रमांक, मोटारींवर दोन निराळ्या पाट्या, दोन शिक्षणखाती. दक्षिणेत भेटल्यावर देवाचे नाव घेऊन नमस्कार करतात, उत्तरेत नुसते 'शुभ दिन' म्हणतात. १८१० ची जुनी सीमा पुन्हा आपल्या जागी येऊन बसली आहे आणि पुन्हा कोणाची वाट अडवीत नाही. लाकडी कुंपणाच्या जागी ओढ्याकाठी गवत आहे.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने एक बारीकसा फरक उरतो, तो सांगून थांबतो. भरपगारी सार्वजनिक सुट्ट्या प्रांत ठरवतात, आणि त्या काम जेथे असेल तेथल्या लागतात. बव्हेरियात टोपेनसारख्या गावी वर्षाला बारा, थुरिंगियात अकरा. त्या अकरांतलीही एक, २० सप्टेंबरची बालदिनाची, २०१९ पासून मिळाली. ३१ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस म्हणून उत्तर तीरावर सुट्टी आणि दक्षिण तीरावर काम. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा दिवस म्हणून दक्षिणेला सुट्टी आणि उत्तरेला काम. ओढ्याच्या पलीकडे नोकरी असलेला उत्तरेचा माणूस त्यामुळे आपल्या पोरांच्या सुट्टीच्या दिवशी कामावर असतो आणि पोरे शाळेत असताना घरी बसतो. या तक्रारीचा अर्ज कोणत्या सरकारकडे करावा, असा प्रश्न तेथल्या युनियनपुढे आला तर तिने काय उत्तर द्यावे, याचा मी बराच विचार केला आहे. आपणही करून पाहावा. आता प्रश्न असतील ते विचारावेत.